स्पार्क प्लगच्या आट्यांची दुरुस्ती

स्पार्क प्लगच्या आट्यांची दुरुस्ती म्हणजे पेट्रोलवर चालणाऱ्या इंजिनाच्या हेडमधील, स्पार्क प्लग बसवण्याच्या छिद्राचे झिजलेले किंवा तुटलेले आटे पूर्ववत करणे किंवा त्या जागी नवे आटे बसवणे होय. दुचाकी, फवारणी पंप, गवत कापणी यंत्र व लहान जनित्र यांच्या इंजिनांत ही दुरुस्ती वारंवार करावी लागते. ती नीट झाल्यास पूर्ण हेड बदलण्याचा खर्च वाचतो. डिझेल इंजिनात इंधन दाबाच्या उष्णतेने पेटते व स्पार्क प्लग नसतो. त्यामुळे विहिरीवरील डिझेल इंजिनांना हा प्रश्न येत नाही.

महाराष्ट्रातील संदर्भ

कायनेटिक इंजिनिअरिंग या कंपनीने १९७२ साली 'लूना' ही ५० घनसेंमी क्षमतेची मोपेड बाजारात आणली. इटलीतील पियाजिओ कंपनीच्या 'चाओ' या मोपेडवर ती आधारलेली होती. कंपनीचा कारखाना अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे होता. लूना आणि पुण्याजवळील आकुर्डीत तयार होणारी बजाज चेतक यांमुळे टू-स्ट्रोक इंजिन राज्याच्या खेड्यापाड्यांत पोहोचले. अशा इंजिनात पेट्रोलबरोबर तेलही जळत असल्याने प्लगवर काजळी धरते आणि तो वारंवार काढून साफ करावा लागतो. प्रत्येक वेळी आट्यांची थोडी झीज होते. पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीसारख्या गावांत पाणलोट विकासानंतर बागायत वाढली. अशा शेतीत वापरल्या जाणाऱ्या पेट्रोलवरील फवारणी पंपांनाही हीच अडचण येते.

कारणे

हेड अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे, तर प्लगचे अंग पोलादाचे असते. दोहोंत अ‍ॅल्युमिनियम मऊ असल्याने नुकसान बहुतेक वेळा हेडचे होते. प्रमुख कारणे पुढीलप्रमाणे :

* प्लग तिरका धरून थेट पान्याने फिरवणे.
* प्रमाणाबाहेर आवळणे.
* इंजिन गरम असताना प्लग काढणे.
* चुकीच्या लांबीचा प्लग वापरणे. प्लग लांब असल्यास ज्वलनकक्षात उघडे राहिलेले त्याचे आटे काजळीने भरतात व काढताना हेडचे आटे खरवडतात. तो पिस्टनवर आदळण्याचाही धोका असतो. प्लग आखूड असल्यास हेडच्या उघड्या आट्यांत काजळी साचते.

लक्षणे

प्लग आवळताना तो न घट्ट होता फिरत राहतो. प्लगच्या बुडाशी तेलकट डाग दिसतात, 'फस्‌ फस्‌' आवाज येतो, कंप्रेशन कमी होते व इंजिन सुरू होण्यास त्रास होतो. दुर्लक्ष केल्यास चालत्या इंजिनातून प्लग वेगाने बाहेर फेकला जाऊन इजा होऊ शकते.

दुरुस्तीच्या पद्धती

*आटे साफ करणे* : फक्त सुरुवातीचे एक-दोन आटे दबले असल्यास त्याच मापाचा टॅप हलक्या हाताने फिरवून ते सरळ करता येतात. जुन्या स्कूटरांत १४ मिमी व्यास आणि १.२५ मिमी अंतराचे, तर आजच्या अनेक १०० ते १२५ घनसेंमी दुचाकींत १० मिमी व्यास आणि १ मिमी अंतराचे आटे असतात.

*तारेचे वेटोळे बसवणे* : छिद्र मोठे करून त्यात विशेष टॅपने आटे पाडतात व पोलादी तारेचे वेटोळे बसवतात. ते 'हेलिकॉइल' या नावाने ओळखले जाते. वेटोळ्याच्या आतील बाजूस मूळ मापाचे आटे मिळतात. वेटोळ्याला बसवण्यापुरती आडवी शेपटी असल्यास ती तोडून चिमट्याने बाहेर काढावी लागते.

*बुश बसवणे* : आतून व बाहेरून आटे असलेला भरीव पोलादी बुश छिद्रात बसवतात. वेटोळ्यापेक्षा तो अधिक टिकाऊ मानला जातो. लेथवर असा बुश तयार करून घेण्याची पद्धत आहे.

दोन्ही पद्धतींत छिद्र मूळ अक्षातच पाडावे लागते. ते तिरके झाल्यास प्लगचा वॉशर सपाट टेकत नाही व वायू गळत राहतो. प्लगची उष्णता मुख्यतः बैठक व आटे यांतून हेडमध्ये जाते. म्हणून सैल प्लग अतितप्त होतो. याच कारणाने आट्यांना दोरा गुंडाळणे किंवा चिकटद्रव्य भरणे हे उपाय टिकत नाहीत व धोकादायक ठरतात.

धातूचा कीस

या दुरुस्तीतील मुख्य जोखीम किसाची आहे. अ‍ॅल्युमिनियम लोहचुंबकाला चिकटत नाही, म्हणून आत पडलेला कीस चुंबकाने काढता येत नाही. तो सिलिंडरवर ओरखडे पाडतो; टू-स्ट्रोक इंजिनात तो पोर्टमधून क्रँककेसमध्ये उतरून बेअरिंग निकामी करू शकतो. त्यामुळे हेड उतरवून काम करणे सर्वांत सुरक्षित असते. काही लहान यंत्रांत हेड व सिलिंडर एकाच ओतकामात असतात. तेथे सिलिंडरच काढावा लागतो. हेड जागेवर ठेवून काम करायचे असल्यास टॅपच्या खाचांत ग्रीस भरतात, दर एक-दोन फेऱ्यांनी टॅप काढून पुसतात आणि शेवटी बारीक नळीने कीस शोषून घेतात.

प्रतिबंध

प्लग थंड इंजिनातच काढावा आणि छिद्राभोवतीची धूळ आधी झटकावी. बसवताना प्रथम हातानेच फिरवावा. प्लगच्या टोकावर पेट्रोलच्या नळीचा तुकडा चढवून फिरवल्यास, आटे तिरके लागताच नळी घसरते व चूक लगेच कळते. वॉशर टेकल्यावर नवा प्लग सुमारे अर्धा फेरा, तर वापरलेला प्लग अष्टमांश ते पाव फेरा आवळतात. टॉर्क पाना असल्यास १४ मिमी प्लगसाठी साधारण २० ते ३० व १० मिमी प्लगसाठी १० ते १२ न्यूटन-मीटर बल पुरते. मात्र उत्पादकाच्या पुस्तिकेतील आकडा अंतिम मानावा.

हेही पाहा

* स्पार्क प्लग
* टू-स्ट्रोक इंजिन
* सिलिंडर हेड