मागचा शॉक पुढे सरकला तेव्हा : मोटोक्रॉसमधील एका क्रांतीची गोष्ट 🧵

१/ १९७० आणि १९७५ सालच्या मोटोक्रॉस मोटरसायकली शेजारी उभ्या केल्या, तर आधी त्यांचा मागचा शॉक ॲब्सॉर्बर पाहावा. गॅरेजमधला ‘शॉकअप’ तो हाच. पहिलीवर तो चाकाच्या आसाजवळ जवळजवळ उभा असतो. दुसरीवर बहुधा बराच पुढे सरकून तिरपा झालेला असतो. असे का झाले?

२/ दुसऱ्या महायुद्धानंतर मागचे चाक स्विंगआर्मवर बसवण्याची पद्धत रूढ झाली. दोन्ही बाजूंना एकेक शॉक, तोही आसाजवळ. त्यामुळे शॉक जेवढा दबे, साधारण तेवढेच चाक वर येई : सुमारे ४ इंच, म्हणजे १० सेंटिमीटर.

३/ साठच्या दशकात हलकी टू-स्ट्रोक इंजिने आली, वेग वाढला, उड्या लांबल्या. खड्ड्यांवरून चाक उधळू लागले. हवेतले चाक मोटरसायकलला पुढे ढकलू शकत नाही. शक्ती होती, ती मातीत उतरत नव्हती.

४/ उपाय तरफेच्या नियमात होता. स्विंगआर्म ही एक तरफच. शॉक तिच्या मध्यावर जोडला, तर तो १० सेंटिमीटर दबेपर्यंत चाक सुमारे २० सेंटिमीटर हलते. शॉक तोच, चाल दुप्पट.

५/ पण तरफ फुकट काही देत नाही. शॉकवरचा भार दुप्पट होतो आणि चाकाला तोच ताठपणा हवा असेल, तर स्प्रिंग चौपट कडक लागते. तेल तापते, फेसाळते. शर्यतीच्या मध्यावरच शॉक निकामी होऊ लागतो.

६/ बेल्जियन अभियंता ल्युसियां टिल्केन्स यांनी वेगळी वाट काढली. त्रिकोणी स्विंगआर्म आणि पेट्रोलच्या टाकीखाली आडवा ठेवलेला एकच लांब शॉक. त्यात तेलही अधिक मावे.

७/ सुझुकीने ही रचना नाकारली, यामाहाने स्वीकारली. १९७३ मध्ये स्वीडनच्या हॉकान अँडरसनने तिच्या बळावर २५० सीसी गटाचे जगज्जेतेपद मिळवले. मोटोक्रॉसमधील यामाहाचे ते पहिले जगज्जेतेपद.

८/ इतरांनी करवत आणि वेल्डिंग हाती घेतले. शॉकचे जोड पुढे सरकले. १९७४ च्या सुमारास जर्मनीच्या मायकोने कारखान्यातूनच तशी मोटरसायकल दिली. वायूभरित शॉक आणि तेलाच्या जादा टाक्याही आल्या. दशक संपता संपता चाकाची चाल फूटभराच्या घरात पोहोचली.

९/ गंमत अशी की कल्पना नवी नव्हती. ब्रिटनच्या फिलिप व्हिन्सेंट यांनी १९२८ मध्येच त्रिकोणी मागची चौकट आणि आसनाखालच्या स्प्रिंगा वापरल्या होत्या. मोटोक्रॉसला तिची निकड भासायला साडेचार दशके जावी लागली.

१०/ १९८०-८१ मध्ये कावासाकीची युनी-ट्रॅक, होंडाची प्रो-लिंक आणि सुझुकीची फुल फ्लोटर आली. एक शॉक आणि सांध्यांची जुळणी : चाक जसे वर जाईल, तसा प्रतिकार वाढत जाई. मोटोक्रॉसमधील दुहेरी शॉकचा काळ ओसरला.

११/ आज अमेरिकेतील आर्माच्या जुन्या मोटरसायकलींच्या शर्यतींत ‘व्हिंटेज’ गटात मागच्या चाकाची चाल ४ इंचांपर्यंतच चालते. म्हणून जुन्या चौकटीवरचा वेल्डिंगचा व्रण बारकाईने वाचावा. कुणीतरी आपली चांगली मोटरसायकल कापून नव्या काळात नेली होती, याची ती खूण असते.