माणसांची खरेदी आणि राज्याची जबाबदारी : १६७७ चा एक कौल

१/ दिवेआगरच्या उत्तरेस, राजपुरी खाडीच्या मुखाशी जंजिरा उभा आहे. तेथील सिद्दी मूळचे आफ्रिकेतले. दख्खनच्या सुलतानांनी आणि सरदारांनी लष्करासाठी विकत घेतलेले हबशी गुलाम हा या समाजाच्या इतिहासाचा मोठा भाग आहे. माणूस ही एके काळी सरकारी खरेदीची वस्तू होती.

२/ मलिक अंबर हे ठळक उदाहरण. हबसाणात जन्मलेला हा मुलगा अनेकदा विकला गेला. अखेरीस निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याने त्याला विकत घेतले. पुढे तोच त्या राज्याचा कर्ताधर्ता झाला. एवढी उंची मोजक्यांनीच गाठली. बाकीच्यांची नावेही उरली नाहीत.

३/ १७व्या शतकात डच ईस्ट इंडिया कंपनीला बटाव्हिया आणि सिलोन येथील कामांसाठी माणसे हवी होती. कोरोमंडल किनाऱ्यावर दुष्काळ वा युद्ध आले की उपाशी कुटुंबे स्वतःला, मुलांना विकत आणि जहाजे भरत. भूक येथे आणि मागणी समुद्रापार, असा हा व्यापार होता.

४/ १६७७ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी जिंजीचा प्रदेश जिंकला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये डचांना कौल दिला गेला. त्यातील एका कलमाचा आशय असा : पूर्वीच्या अमलात गुलाम खरेदीस मोकळीक होती, आता या मुलखात स्त्री वा पुरुष गुलाम विकत घेऊ नयेत, बाहेरही नेऊ नयेत. तसे केल्यास आमची माणसे अडवतील.

५/ कौल म्हणजे सरकारने दिलेले अभयपत्र. त्यावर कंपनीचा व्यापार चाले. म्हणून हे कलम महत्त्वाचे. त्याचा रोख उपाशी विक्रेत्यावर नव्हता, खरेदीदारावर आणि त्याच्या जहाजावर होता. व्यापार हवा असेल, तर ही अट पाळावी लागेल.

६/ राज्य स्वतः खरेदी करते तेव्हा काय? रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराच्या लाकडाविषयी नियम आहे. रयतेचे आंबे-फणस तोडू नयेत. जीर्ण झाड लागलेच, तर धन्यास राजी करून, मोल देऊन न्यावे. बळजोरी नको.

७/ मात्र चित्र एकरंगी नाही. पेशवाईत कुणबिणी, म्हणजे दासी, सरकारी कोठ्या, पागा आणि किल्ल्यांवर राबत. व्यभिचाराचा ठपका आलेल्या स्त्रियांनाही सरकार दासी करी. गावोगावी वेठ होतीच. परक्या कंपनीस घातलेला निर्बंध घरच्या कारभारास आपोआप लागू झाला नाही.

८/ १८४३ च्या ५व्या कायद्याने कंपनीच्या मुलखात गुलामगिरीची कायदेशीर मान्यता काढून घेतली. दिवेआगर तेव्हा जंजिरा संस्थानात होते, ते १९४८ पर्यंत. पुढे राज्यघटनेच्या अनुच्छेद २३ ने माणसांचा व्यापार आणि वेठबिगारी या दोहोंवर बंदी घातली. वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा १९७६ चा.

९/ आज सरकार विटा, खडी, गणवेश विकत घेते. त्यामागे राबणारा मजूर उचल घेऊन बांधला गेला आहे का, हे ठेकेदाराच्या करारात विचारले जाते की नाही, यावर पुष्कळ अवलंबून असते. १६७७ च्या कौलाने ती अट परवान्यातच घातली होती.