मशीन वाटलं, पण तेल कोण घालणार?

मंडळी, शिलाई मशीन वाटपाचे फोटो आपण नेहमीच बघतो. फ्लेक्स, हार, रांगेत मांडलेली कोरी मशीनं. वर्षभराने त्यातल्या काही घरांत डोकावा. मशीनवर चादर, चादरीवर घड्या घातलेले कपडे! आपण म्हणतो, "बाईने वापरलंच नाही." पण थोडा इतिहास बघितला तर चूक दुसरीकडेच दिसते.

हातसुईचं नेढं मागे असतं, मशीनच्या सुईचं टोकाशी. ती सुई आणि खाली दुसरा दोरा नेणारं शटल, अशा रचनेचं पेटंट अमेरिकेत एलायस हॉवेने 1846 साली घेतलं. त्याआधी फ्रान्समध्ये थिमोनिएने मशीनवर लष्कराचे गणवेश शिवायला घेतले, तेव्हा पोटावर पाय येईल या भीतीने 1831 मध्ये पॅरिसच्या शिंप्यांनी त्याची यंत्रं फोडली होती. आयझॅक सिंगरचं पेटंट 1851 चं. हॉवेने त्याच्यावर दावा लावला आणि जिंकलाही. म्हणजे शोध एकट्या सिंगरचा नव्हेच.

मग घराघरांत नाव सिंगरचं कसं झालं? मशीन शंभर डॉलरच्या वर, सामान्य कुटुंबाला न परवडणारं. म्हणून 1856 पासून कंपनीने ते हप्त्यावर दिलं. दुकानात बायकाच मशीन चालवून दाखवायच्या. पुढे गावोगावी एजंट नेमले. ते हप्ता घ्यायचे, शिकवायचे आणि बिघाडही बघायचे. विकलं की संपलं, असं नव्हतं. यात धर्मादाय काही नाही, चोख धंदा होता. मशीन चाललं तरच हप्ता येणार!

आपल्याकडे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सिंगर पोचलं, ते आधी बहुतेक शिंप्यांच्या दुकानात. पुण्यात 1909 साली सुरू झालेल्या सेवासदनासारख्या संस्थांनी शिवण हे बायकांच्या कमाईचं शिक्षण केलं. 1930 च्या दशकात कोलकात्याच्या जय इंजिनिअरिंगचं 'उषा' आलं आणि मशीन देशी झालं.

यंत्रांवर टीका करणाऱ्या गांधीजींनीही 1924 मध्ये शिलाई मशीनला अपवाद ठरवलं होतं. पण ते बनवायला कारखाना लागणारच की, असं विचारल्यावर ते म्हणाले, असे कारखाने सरकारच्या मालकीचे किंवा ताब्यात असावेत. म्हणजे यंत्र चांगलं की वाईट एवढाच प्रश्न नव्हता. त्यामागची व्यवस्था कुणाच्या भल्यासाठी चालते, हाही होता.

आज 2023 पासूनच्या विश्वकर्मा योजनेत शिंपीकामही आहे. प्रशिक्षण आहे, अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत आहे. चांगलंच आहे. पण कुठल्याही वाटपात मशीनची निगा शिकवायला एक दिवस तरी हवाच.

कारण मशीन बंद पडतं ते साध्या गोष्टींनी. दात्यांखाली कापसाचा बुरा साठतो, तो ब्रशने काढायचा. तेल मशीनचंच घालायचं. खोबरेल घातलं तर ते चिकट होऊन मशीन जड होतं. तेल घातल्यावर आधी चिंधीवर शिवून बघायचं, नाहीतर गिऱ्हाईकाच्या कापडाला डाग. टाके सुटायला लागले तर आधी सुई बदलायची. खाली दोऱ्याचा गुंता झाला की आपण बॉबिनला दोष देतो, पण बऱ्याचदा वरचा दोरा टेन्शनच्या चकत्यांत नीट बसलेला नसतो. हे माहीत नसलं की मशीन तालुक्याला न्यायचं, भाडं आणि मजुरी द्यायची. त्यापेक्षा चादर घातलेली परवडते!

म्हणून पुढच्या ग्रामसभेत एवढंच मागूया. मशीनसोबत सुया, तेल आणि ब्रश द्या. आणि बचत गटातल्या एकीला तरी दुरुस्ती शिकवा. तिलाही काम मिळेल, बाकीच्यांची मशीनंही चालू राहतील.

फोटो मग काढा. वाटपाच्या दिवशी नको, वर्षभराने, मशीन चालू असताना.