हाताच्या पकडीवरून पायांची ताकद कळते का?

बरणीचं झाकण उघडेना, ओला टॉवेल नीट पिळता येईना, की घरात कुणीतरी म्हणतंच, 'वय झालं आता!' डॉक्टर मात्र सैल होत चाललेली पकड गांभीर्याने घेतात.

पकड मोजायला डायनॅमोमीटर नावाचं छोटं यंत्र असतं. ते मुठीत धरून जोरात दाबलं की किती किलोचा जोर लागला ते दिसतं. २०१५ मध्ये 'लॅन्सेट'ने प्रसिद्ध केलेल्या 'प्युअर' अभ्यासात भारतासह १७ देशांतल्या सुमारे १ लाख ४० हजार प्रौढांची पकड मोजली होती. पकड ५ किलोने कमी असलेल्यांमध्ये मृत्यूचा धोका साधारण १६ टक्के जास्त दिसला. अर्थात, नुसता स्माईली बॉल दाबून आयुष्य वाढतं, असा याचा अर्थ नाही.

मग पायांचं काय?

वाढत्या वयात स्नायूंची ताकद आणि वजन घटतं, त्याला सार्कोपेनिया म्हणतात. ही झीज सगळ्या शरीरात होते. त्यामुळे ज्यांची पकड चांगली, त्यांच्या मांड्याही साधारणपणे मजबूत असतात.

पण 'साधारणपणे'च. पायांची ताकद हातांपेक्षा वेगाने कमी होते. गुडघे दुखू लागले की जिना आणि चालणं सुटतं, पण भाजी चिरणं, पिशव्या उचलणं चालूच राहतं. म्हणजे पकड ठीक आणि पाय कमजोर, असं होऊ शकतं. उलट अंगठ्याचा संधिवात असेल तर पाय धडधाकट असूनही पकड कमी भरते.

आणखी एक गोष्ट. अशक्त ज्येष्ठांनी वजनाचे व्यायाम केल्यावर पायांची ताकद वाढली, पण पकडीचा आकडा जवळपास तिथेच राहिला, असंही संशोधनात दिसलंय. तेवढा आकडा पाहून व्यायाम सोडला, तर नुकसान पायांचंच.

म्हणूनच आशियाई तज्ज्ञगटाच्या २०१९ च्या निकषांमध्ये पकडीबरोबर (पुरुषांमध्ये २८, महिलांमध्ये १८ किलोपेक्षा कमी म्हणजे कमजोर) खुर्चीची चाचणीही आहे. हात छातीवर घडी घालून सलग ५ वेळा उठायचं-बसायचं. १२ सेकंद किंवा त्याहून जास्त लागले, तर डॉक्टरांना दाखवावं. घरी करताना खुर्ची भिंतीला टेकवा, ज्येष्ठांच्या शेजारी कुणीतरी उभं राहा. हाताचा टेकू घेतला, तर ती फेरी धरायची नाही.