‘कॅसेट’चे संगणकीय प्रतिरूप : सोलापूरच्या संदर्भात घरगुती व्हिडिओ गेमच्या इतिहाससाधनांचा विचार

प्रस्तावना :

1990 च्या दशकात महाराष्ट्रातील शहरांत मध्यमवर्गीय घरांमध्ये दूरचित्रवाणी संचाला जोडून खेळावयाचे एक यंत्र आले. सोलापूरही यास अपवाद नव्हते. यंत्राला ‘व्हिडिओ गेम’ आणि खेळ साठविलेल्या प्लॅस्टिकच्या डबीला ‘कॅसेट’ म्हटले जाई. या डबीत फीत नसे, केवळ एक लहान विद्युतफलक असे. परंतु गाण्यांच्या कॅसेटची सवय झालेल्या समाजाने तेच नाव पुढे चालविले. मराठी, तेलुगू व कन्नड या तिन्ही भाषा बोलणाऱ्या शहरात मुलांच्या खेळण्यातून रुळलेल्या अशा शब्दांची नोंद घेतली जाणे अगत्याचे होते.

सोलापूरच्या इतिहासलेखनात 1877 साली स्थापन झालेल्या जुन्या मिलपासून यंत्रमागापर्यंतचा उद्योग विपुल प्रमाणात आलेला आहे. घरातील करमणुकीच्या यंत्रांकडे मात्र अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले नाही. ही यंत्रे आता भंगारात जात आहेत. त्यामुळे संगणकावर त्यांचे हुबेहूब वर्तन घडवून आणणारी ‘एम्युलेटर’ ही आज्ञावली इतिहासाचे साधन ठरू शकते काय, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

यंत्राची वंशावळ :

जपानच्या निन्टेन्डो कंपनीने 15 जुलै 1983 रोजी ‘फॅमिली कॉम्प्युटर’ हे यंत्र बाजारात आणले. पुढे तैवानमधील यूएमसी कंपनीने त्यातील दोन मुख्य चिपांना पर्यायी चिपा तयार केल्या आणि त्यांच्या आधारे असंख्य प्रतियंत्रे निघाली. रशियात 1992 साली ‘डेंडी’ या नावाने, तर पोलंडमध्ये ‘पेगासस’ या नावाने ती खपली. भारतातही ती निरनिराळ्या नावांनी विकली गेली. उपभोग्य वस्तूंच्या आयातीवरील उरलेले संख्यात्मक निर्बंध 1 एप्रिल 2001 पासून उठले. तोवर अधिकृत परदेशी यंत्र सामान्य ग्राहकाच्या आवाक्याबाहेरच होते. सोलापूरच्या मुलाने खेळलेला ‘मारिओ’ हा बहुधा अशा नकली यंत्रावरील होता. ज्या शहराने आपल्या चादरीच्या नावाच्या रक्षणासाठी भौगोलिक निर्देशनाची नोंदणी मिळविली, तेथे नकलेचा हा इतिहास कुतूहलाने वाचला जावयास हरकत नाही.

अनुकरणातील अचूकतेचा प्रश्न :

अभ्यासकाची पहिली चूक येथेच होते. एम्युलेटर उतरवून घेऊन कोणतीही जुळवणी न करता खेळ सुरू केल्यास तो बहुधा अमेरिकी अथवा जपानी यंत्राप्रमाणे चालतो, म्हणजे सेकंदास सुमारे 60 चित्रे. भारतातील प्रक्षेपण ‘पाल’ पद्धतीचे, सेकंदास 50 चित्रांचे होते. खेळातील हालचाल व संगीत दोन्ही चित्रांच्या गतीशी बांधलेली असल्यामुळे अमेरिकेत एक मिनिट चालणारी चाल पाल पद्धतीच्या प्रतियंत्रावर सुमारे 72 सेकंद चाले.

तथापि, केवळ ‘पाल’ हा पर्याय निवडूनही भागत नाही. निन्टेन्डोच्या युरोपीय यंत्राचा प्रोसेसर 1.66 मेगाहर्ट्झ, तर जपानी यंत्राचा 1.79 मेगाहर्ट्झ वेगाने चाले. तैवानी चिपांनी यातून मधला मार्ग काढला. चित्रे सेकंदास 50, प्रत्येक चित्रात 312 ओळी; मात्र प्रोसेसरच्या एका आवर्तनास तीन ठिपके हे जपानी यंत्राचे प्रमाण कायम ठेवून वेग 1.77 मेगाहर्ट्झ राखण्यात आला. परिणामी संगीताची लय संथ झाली, परंतु स्वराची पट्टी जवळपास मूळचीच राहिली. ‘मेसेन’ आणि ‘एफसीईयूएक्स’ या एम्युलेटरांमध्ये ‘डेंडी’ या नावाने हा स्वतंत्र पर्याय उपलब्ध आहे. भारतीय अनुभवाच्या सर्वांत जवळचा तोच होय.

याहून सूक्ष्म बाब नादाची आहे. अनेक प्रतियंत्रांत चौरस तरंगाच्या दोन प्रकारांची अदलाबदल झालेली असे. त्यामुळे परिचित धूनही वेगळ्या पोताची ऐकू येई. उपरोक्त दोन्ही एम्युलेटरांत ही अदलाबदल मुद्दाम घडविण्याची सोय आहे. ज्यांच्या कानी लहानपणी तोच आवाज पडला, त्यांना जपानी मूळ आवाजच परका वाटल्यास नवल नाही. इतिहासकाराच्या दृष्टीने येथे ‘सदोष’ आवाज हाच अस्सल पुरावा ठरतो.

कॅसेटची प्रत आणि कायदा :

एम्युलेटरला कॅसेटमधील आज्ञावलीची प्रत लागते. तिच्या आरंभी 16 बाइटांचे शीर्ष जोडलेले असते व त्यात कॅसेटमधील फलकाची रचना सांकेतिक क्रमांकाने नोंदविलेली असते. ‘9999 इन 1’ असे छापलेल्या कॅसेटींमध्ये प्रत्यक्षात मोजकेच खेळ असत. तेच खेळ निराळ्या टप्प्यापासून सुरू करून यादी फुगविली जाई. या फलकांची रचना एकसारखी नसल्यामुळे क्रमांक चुकल्यास पडद्यावर केवळ विस्कटलेली चित्रे दिसतात. त्यात चिप काळ्या रोगणाखाली झाकलेली असली, तर ती काढून स्वतंत्रपणे वाचणे कठीण होते.

कायद्याचा पेच अधिक अवघड आहे. प्रतिमुद्राधिकार अधिनियम, 1957 च्या कलम 52 नुसार कायदेशीररीत्या मिळविलेल्या संगणक आज्ञावलीची प्रत बिगरव्यापारी वैयक्तिक वापरासाठी करता येते. परंतु बाजारातील बहुसंख्य कॅसेटी मुळातच अनधिकृत होत्या. म्हणजे जी वस्तू या शहराच्या बालपणाची खरी साक्षीदार आहे, तिची प्रत ग्रंथालयास निःशंकपणे ठेवता येत नाही. आणि जी अधिकृत आवृत्ती ठेवता येईल, ती येथे फारशी कोणी खेळलेलीच नाही. अभिलेखागारांनी या प्रश्नास अद्याप गांभीर्याने हात घातलेला दिसत नाही.

पडद्याचा प्रश्न :

काही बाबी एम्युलेटरच्या आवाक्यापलीकडील आहेत. बदकांची शिकार करावयाची प्रकाश-बंदूक चित्रनलिकेच्या पडद्यावर प्रत्यक्ष उमटणारा प्रकाश टिपत असे. आजच्या सपाट पडद्यावर प्रतिमा विलंबाने व निराळ्या रीतीने उमटत असल्याने ती बंदूक चालत नाही; एम्युलेटरमध्ये माऊसने नेम धरावा लागतो. हाताचा नेम, पडद्यापासूनचे अंतर, बसण्याची जागा यांचा अभ्यास माऊसवरून होणे नाही. सबब, ज्या महाविद्यालयांच्या भौतिकशास्त्र विभागात चित्रनलिकेचा एखादा चालू संच अद्याप शिल्लक असेल, त्यांनी तो निर्लेखनाच्या यादीत घालण्यापूर्वी इतिहास विभागाकडे विचारणा करावी.