शाळा संपल्यावर पुढे काय : अमेरिकेतील अपंग विद्यार्थी आणि ‘ट्रान्झिशन’चा कायदा

अमेरिकेत अपंग मुलांना सरकारी शाळेत शिकण्याचा हक्क देशभर मिळाला तो १९७५ साली. शाळा संपल्यावर या मुलांचे पुढे काय, याचा विचार कायद्याने बंधनकारक व्हायला आणखी १५ वर्षे लागली. तोपर्यंत त्याचे ठरलेले उत्तर होते फक्त अपंगांसाठीची ‘संरक्षित’ कार्यशाळा. १९ व्या शतकात बोस्टनच्या पर्किन्स अंधशाळेने अशी कार्यशाळा काढली, कारण हाती कसब असूनही तिथल्या विद्यार्थ्यांना बाहेर कोणी कामावर घेत नव्हते. पुढे अशा कार्यशाळा देशभर निघाल्या. १९३८ च्या श्रमकायद्याने अपंगांना किमान वेतनापेक्षा कमी मजुरी देण्याची मुभाही दिली. बाहेरच्या नोकरीची तयारी व्हावी म्हणून जिथे मुले जात, तिथेच अनेकांचा जन्म गेला.

१९५० आणि ६० च्या दशकांत एक चांगला प्रयोग झाला. सौम्य बौद्धिक अपंगत्व असलेली मुले अर्धा दिवस वर्गात आणि अर्धा दिवस एखाद्या दुकानात किंवा कारखान्यात असत. शिक्षकच काम मिळवून देई आणि देखरेख करी. खर्चाचा मोठा भार राज्याचे पुनर्वसन खाते उचली. मात्र जी सेवा दुसऱ्या खात्याने द्यायची, तिच्यावर पुनर्वसनाचा पैसा घालू नये, असा नियम १९७० च्या दशकात आला आणि योजना आटत गेली. मुलांना तिचा उपयोग होत होता. ती मोडली खात्यांच्या हिशेबात.

त्याच काळातली एड रॉबर्ट्स यांची हकीकत या प्रश्नाच्या गाभ्याशी नेते. १९५३ मध्ये, वयाच्या १४ व्या वर्षी त्यांना पोलिओ झाला. मानेखालचे जवळजवळ सारे शरीर लुळे पडले आणि श्वासासाठी ‘लोखंडी फुप्फुस’ या यंत्राचा आधार घ्यावा लागला. टेलिफोनवरून वर्ग ऐकत त्यांनी हायस्कूल पुरे केले. तरीही ड्रायव्हिंग आणि शारीरिक शिक्षण हे विषय झाले नाहीत, म्हणून शाळा प्रमाणपत्र देईना. आई झोना यांनी वरपर्यंत भांडून ते मिळवले. त्यानंतर कॅलिफोर्नियाच्या पुनर्वसन खात्याने शिक्षणाचा खर्च नाकारला. हा मुलगा कधी नोकरी करू शकणार नाही, असा शेरा मारला. तोही निर्णय झगडून फिरवावा लागला. १९६२ मध्ये ते बर्कलेच्या विद्यापीठात दाखल झाले. सुमारे ३६० किलोचे ते यंत्र वसतिगृहात मावेना, म्हणून विद्यापीठाच्या इस्पितळातच त्यांची राहण्याची सोय करण्यात आली. १९७२ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बर्कलेला स्वतंत्र जीवन केंद्र उभारले. पुढे काही वर्षांतच राज्यपाल जेरी ब्राउन यांनी रॉबर्ट्स यांना त्याच पुनर्वसन खात्याचे संचालक नेमले. हा माणूस काय करू शकेल हे खात्याने परस्पर ठरवले होते; त्याला कोणी विचारलेच नव्हते.

नोकरीच्या बाबतीतला असाच एक समज संशोधक मार्क गोल्ड यांनी मोडला. तीव्र बौद्धिक अपंगत्व असलेल्या व्यक्तींना त्यांनी १५ सुट्या भागांचा सायकलचा ब्रेक जोडायला शिकवले. एकेक पायरी सुटी करून दाखवायची, चूक झाली की रागवायचे नाही, पुन्हा वेगळ्या तऱ्हेने करून पाहायचे, ही त्यांची रीत. त्यातून प्रत्यक्ष कामाच्या जागी सोबतीला प्रशिक्षक देऊन नोकरी टिकवण्याची पद्धत पुढे रुजली.

१९८० च्या दशकात १९७५ च्या कायद्याखाली शिकलेली पहिली मुले बाहेर पडू लागली आणि त्यांतली बरीच घरी बसून राहिली. १९८४ मध्ये केंद्रीय शिक्षण खात्याच्या मॅडलिन विल यांनी शाळा आणि नोकरी यांच्यामध्ये सेवांचा पूल हवा, असे धोरण मांडले. त्यांचा स्वतःचा मुलगाही बौद्धिकदृष्ट्या अपंग होता. पुढच्याच वर्षी या विषयाचे अभ्यासक अँड्र्यू हॅल्पर्न यांनी आक्षेप घेतला, की नोकरी म्हणजे सगळे आयुष्य नव्हे; घर, शेजार आणि माणसांशी असलेले नातेही धरले पाहिजे. त्यांचे म्हणणे रास्त होते.

१९९० च्या ‘आयडिया’ (अपंग व्यक्तींच्या शिक्षणाच्या) कायद्याने दोन्ही विचार पदरात घेतले. वयाच्या १६ व्या वर्षापर्यंत प्रत्येक अपंग विद्यार्थ्याच्या वैयक्तिक शिक्षण आराखड्यात पुढचे शिक्षण, नोकरी आणि स्वतंत्र राहणी यांची तयारी, म्हणजेच ‘ट्रान्झिशन’, लिहिणे बंधनकारक झाले. ही तयारी ठरवण्याच्या बैठकीला विद्यार्थ्याला स्वतःला बोलवावेच लागते, आणि साऱ्या तरतुदींत हीच सर्वांत मोलाची. बसने एकट्याने जाणे, पगाराचा हिशेब ठेवणे, आपल्याला कोणती मदत लागते ते वरिष्ठांना सांगणे, अशा गोष्टी आराखड्यात येऊ लागल्या. १९९७ मध्ये काही तयारी १४ व्या वर्षापासूनच करायचे ठरले. २००४ मध्ये वयोमर्यादा पुन्हा १६ वर नेली. आजही काही राज्ये १४ व्या वर्षापासूनच सुरुवात करतात, आणि ते शहाणपणाचे आहे. २०१४ च्या कायद्याने राज्यांना मिळणाऱ्या पुनर्वसन निधीपैकी किमान १५ टक्के शाळकरी मुलांच्या नोकरीपूर्व तयारीसाठी राखून ठेवला.

हायस्कूलची पदविका मिळाली, किंवा वयाची मर्यादा (बहुतेक राज्यांत २१ वर्षे) ओलांडली, की शाळेची जबाबदारी संपते. महाविद्यालयात हा आराखडा चालत नाही. तिथे विद्यार्थ्याने आपले अपंगत्व स्वतः सांगायचे, कागदपत्रे द्यायची आणि सवलत मागायची. प्रौढांसाठीच्या सेवा मुख्यतः पात्रता आणि निधी पाहून मिळतात आणि अनेक राज्यांत त्यांसाठी वर्षानुवर्षांची प्रतीक्षायादी आहे.