नैतिक स्वायत्तता

नैतिक स्वायत्तता : बाह्य सत्तेची आज्ञा, भय वा वासनेची ओढ यांमुळे नव्हे, तर स्वतःच्या विवेकाला पटलेल्या नियमानुसार आचरण करण्याची मनुष्याची क्षमता. ही ग्रीक संज्ञा मूळात स्वतःचे कायदे स्वतः करणाऱ्या नगरराज्यांना लावली जाई. तिचा नीतिशास्त्रीय अर्थ आधुनिक यूरोपात निश्चित झाला.

इमॅन्युएल कांट (१७२४–१८०४) याने १७८५ च्या आपल्या ग्रंथात स्वायत्तता हे नीतीचे अधिष्ठान मानले. त्याच्या मते सुखाची इच्छा, रूढी किंवा ईश्वराची आज्ञा यांवर अवलंबून असलेला संकल्प परायत्त होय. सर्वांना लागू पडेल असा नियम स्वतःस घालून घेणारा संकल्पच स्वतंत्र होय. जॉन स्ट्यूअर्ट मिल (१८०६–७३) याने भिन्न भूमिकेवरून, परंतु तितक्याच आग्रहाने, रूढीच्या दडपणाविरुद्ध व्यक्तिस्वातंत्र्याचे समर्थन केले.

कन्फ्यूशस (इ. स. पू. ५५१–४७९) याच्या परंपरेत संकल्पाला महत्त्व आहेच, सामान्य माणसाचाही संकल्प बळाने हिरावून घेता येत नाही, असे तो मानतो. मात्र हा संकल्प एकाकी बुद्धीचा नसून पिता-पुत्र, पति-पत्नी, राजा-मंत्री अशा नात्यांत आणि शिष्टाचाराच्या अभ्यासाने घडतो. पंधराव्या वर्षी अध्ययनाचा निश्चय करणाऱ्या मनुष्याच्या इच्छा सत्तराव्या वर्षी मर्यादेशी एकरूप होतात, असा आत्मविकासाचा क्रम कन्फ्यूशसने स्वतःच्या आयुष्यावरून सांगितला. मेन्सियसने करुणा, लज्जा, विनय व योग्यायोग्यविवेक यांचे अंकुर प्रत्येकाच्या ठायी असल्याचे प्रतिपादिले. ही शिकवण म्हणजे निव्वळ आज्ञापालन नव्हे. चुकणाऱ्या पित्याला वा राजाला सौम्यपणे बोध करणे हेही तीत कर्तव्यच आहे.

महाराष्ट्रात हा प्रश्न तात्त्विक ग्रंथांतून मांडला जाण्यापूर्वी न्यायालयात उभा राहिला. अकराव्या वर्षी विवाह झालेल्या रखमाबाई (१८६४–१९५५) यांनी वयात आल्यावर पतीकडे नांदण्यास नकार दिला. तेव्हा दादाजी भिकाजी यांनी १८८४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. १८८५ मध्ये निकाल रखमाबाईंच्या बाजूने लागला. परंतु तो अपिलात फिरला आणि १८८७ मध्ये नांदावयास जावे अन्यथा कारावास भोगावा, असा हुकूम झाला. त्यांनी कारावास पत्करण्याची तयारी दाखविली. १८८८ मध्ये तडजोड होऊन प्रकरण मिटले. पुढे लंडनला वैद्यकीय शिक्षण घेऊन त्यांनी सुरत व राजकोट येथे रुग्णसेवा केली.

संमतिवयाच्या १८९१ च्या कायद्याने मुलींचे संमतिवय दहावरून बारा वर्षे झाले. मिल व स्पेन्सर यांच्या विचारांनी प्रभावित झालेले गो. ग. आगरकर (१८५६–९५) यांनी त्याचा पुरस्कार केला. सुधारणा समाजाने आतून घडवावी, परकी सरकारने कायद्याने लादू नये, या भूमिकेवरून बाळ गंगाधर टिळक (१८५६–१९२०) यांनी विरोध केला. म्हणजे एकाने व्यक्तीच्या, तर दुसऱ्याने समाजाच्या स्वायत्ततेवर भर दिला. टिळकांनी मंडालेच्या कारागृहात लिहिलेल्या व १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्य या ग्रंथात ‘कर्मविपाक व आत्मस्वातंत्र्य’ असे स्वतंत्र प्रकरण आहे. मनाच्या प्रवृत्ती कर्माने बांधलेल्या असल्या, तरी आत्म्याची मोक्षाकडे नेणारी प्रेरणा स्वतंत्र असते, असे त्यांनी वेदान्ताच्या आधारे मांडले. कांट व ग्रीन यांच्या मतांचीही या ग्रंथात तुलनात्मक चर्चा आहे.

एका परंपरेत स्वातंत्र्य हा नीतीचा आरंभ, तर दुसरीत ते दीर्घ संस्काराचे फळ ठरते. तथापि दोहोंनी स्त्रीला या विचाराच्या कडेला ठेवले. कन्फ्यूशसीय ग्रंथांत स्त्रीने अनुक्रमे पिता, पती व पुत्र यांना अनुसरावे असे सांगितले आहे. मनुस्मृतीतील विधान याच्याशी मिळतेजुळते आहे. कांटनेही १७९७ च्या ग्रंथात स्त्रियांची गणना परावलंबी नागरिकांत केली. रखमाबाईंच्या नकाराचे तात्त्विक महत्त्व येथे आहे. जिला संकल्पच नाही असे गृहीत धरले होते, तिनेच संमतीचा प्रश्न उपस्थित केला. नात्यांनी घडणारी नीती मानली, तरी ज्या नात्यात शिरताना व्यक्तीला विचारलेच नाही त्याचे कर्तव्य तिच्यावर कितपत बंधनकारक ठरते, याचे उत्तर दोन्ही परंपरांना द्यावे लागते.